टाचा उचलतात, कंबर गोल होते: स्क्वॉटमध्ये नेमकं अडतंय कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३६, दिवसभर खुर्चीतलं काम. तीन महिन्यांपूर्वी बारबेल स्क्वॉट, म्हणजे वजनाचा दांडा (बार) पाठीवर घेऊन उठाबशा, सुरू केला आणि रिकाम्या बारपासून ७० किलोपर्यंत मजल गेली. खाली जाताना टाचा उचलतात, तळाशी कंबर गोल होते, दुसऱ्या दिवशी ती धरते, आणि आता डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलंय. कॉलेजात असताना डावा घोटा जोरात मुरगळला होता. मोबिलिटीचे, म्हणजे सांधे मोकळे करायचे, बारा व्यायाम रोज करूनही काही फरक नाही. काय चुकतंय? आणि उंच टाचेचे लिफ्टिंगचे बूट घ्यावेत का?

बारा व्यायाम, हीच पहिली चूक. त्यातले दोन तुमच्या कामाचे असतील, उरलेले दहा तुम्हाला नसलेल्या दुखण्यावरचे आहेत. मी १७ वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आहे, त्यातली बरीचशी वजन उचलणाऱ्यांमध्ये गेली. 'स्क्वॉटला बसता येत नाही' म्हणून आलेला माणूस सगळीकडूनच आखडलेला आहे, असं क्वचित दिसतं. बहुतेकदा एकच सांधा अडतो आणि बाकीचे त्याची भर काढत बसतात. दुखतं ते भर काढणाऱ्याचं. म्हणून आधी मोजायचं, मग ताणायचं. तेही गरज असेल तरच.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. लवचीकता कमी म्हणून दुखापत होते, हे अर्धंच खरं आहे. तुमच्या प्रश्नात मला घोट्याइतकाच तो ७० चा आकडा खटकला. नव्याने व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद भराभर वाढते, तिच्यातला मोठा वाटा मेंदू आणि नसा ती हालचाल शिकल्याचा असतो. वाटीखालच्या टेंडनला (स्नायूचा ओढा हाडापर्यंत नेणाऱ्या दोरीला) तेवढी घाई जमत नाही, त्याला घट्ट व्हायला महिने लागतात. आखडलेला घोटा हलक्या वजनाला वर्षानुवर्षं निभावून नेतो. त्याच घोट्यावर वजन झपाट्याने चढवलं की हिशेब गुडघ्याकडून वसूल होतो. जिममध्ये सात हालचालींना ० ते ३ गुण देणारी फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन ही चाचणी बरीच चालते, तिच्यात डीप स्क्वॉटही आहे. पण तिच्या एकूण गुणांवरून कोणाला दुखापत होणार हे सांगता येतं, याला अभ्यासांनी फारसा दुजोरा दिलेला नाही. तेव्हा खाली जे मोजायला सांगते आहे ते भविष्य पाहण्यासाठी नाही. कुठे काम करायचं तेवढं त्यातून कळतं.

फोन गुडघ्याच्या उंचीवर ठेवून अनवाणी पायांनी, वजनाशिवाय पाच स्क्वॉट बाजूने आणि पाच समोरून चित्रित करा. आरशात बघू नका. आरशात बघायला मान वळली की पाठही वळते आणि जे बघायचं तेच बदलतं. बाजूच्या चित्रीकरणात टाच नेमकी कधी उचलते, नडगी किती पुढे झुकते आणि कंबर कोणत्या खोलीला गोल व्हायला लागते ते पाहा. समोरून पाहताना तळव्याची कमान खचते का, गुडघा आत येतो का, आणि अंग एका बाजूला सरकतं का, यावर लक्ष ठेवा.

आता दोन सोप्या युक्त्या. त्यांना दोन मिनिटं लागतात आणि निम्मं निदान तिथेच होतं. पहिली: दोन्ही टाचांखाली साधारण अडीच सेंटीमीटर जाडीच्या प्लेट ठेवा आणि परत बसा. दुसरी: प्लेट काढून टाका, चार-पाच किलोचं वजन दोन्ही हातांनी छातीसमोर लांब धरा आणि बसा. टाच उंचावल्यावर स्क्वॉट एकदम सुधारला, पण हातातल्या वजनाने तेवढा फरक पडला नाही, तर संशय घोट्यावर. हातातल्या वजनानेच खोल आणि सरळ बसता आलं, तर सांध्यांमध्ये जागा आहे, तोल सांभाळायची सवय नाही. अशा माणसाने तासभर स्ट्रेचिंग केलं तरी स्क्वॉट तिथल्या तिथेच राहतो, कारण त्याला स्ट्रेचिंग लागतच नव्हतं. दोन्हीने काहीच बदललं नाही तर खुब्याकडे वळायचं. ही विभागणी काटेकोर नाही, टाच उंचावल्यावर तोलही थोडा सोपा होतो. म्हणून पुढची मोजणी लागते.

तुमच्या बाबतीत मी घोट्यावर बोट ठेवेन, तेही डाव्या. त्यामुळे तिथे जरा थांबते.

स्क्वॉट करताना अंगाचं आणि बारचं मिळून जे वजन असतं, ते तळव्याच्या मध्यावर राहावं लागतं, नाहीतर माणूस पडतो. गुडघे पुढे गेले की नितंबांना फार मागे जावं लागत नाही आणि धड बऱ्यापैकी ताठ राहतं. घोट्याने नडगीला पुढे झुकूच दिलं नाही तर शरीराकडे मोजके पर्याय उरतात. टाच उचलायची, तळव्याची कमान खचवून आणि गुडघा आत पाडून चोरवाटेने थोडं पुढे जायचं, किंवा नितंब खूप मागे नेऊन धड पुढे वाकवायचं. यातला तिसरा पर्याय बार पाठीवर असताना कंबरेला महागात पडतो, दुसरा गुडघ्याला. एकाच पायाचा घोटा अडलेला असला तर अंग नकळत दुसऱ्या पायावर सरकतं. ते स्वतःला जाणवत नाही, चित्रीकरणात मात्र लगेच दिसतं.

मोजायचं असं. अनवाणी, भिंतीकडे तोंड करून एक पाय पुढे ठेवा. अंगठ्याचं टोक भिंतीपासून १० सेंटीमीटरवर, तळवा भिंतीशी काटकोनात. टाच जमिनीला चिकटलेली ठेवून गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत पुढे नेऊन भिंतीला टेकवा. टेकला तर पाऊल थोडं मागे घ्या, नाही टेकला तर पुढे. टाच न उचलता गुडघा टेकतो ते सगळ्यात लांबचं अंतर टेपने मोजून लिहा. टाचेखाली कागदाची पट्टी ठेवून कोणाला तरी हलकेच ओढायला सांगा. निघून आली तर टाच उचलली होती, तुम्हाला काहीही वाटलेलं असो. प्रत्येक पायाचं तीनदा मोजा.

१० सेंटीमीटरच्या आसपास किंवा जास्त असेल तर बहुतेकांच्या स्क्वॉटला पुरतं. एक सेंटीमीटर म्हणजे घोट्याचे साधारण साडेतीन अंश, त्यामुळे ५ आणि १० मधला फरक किरकोळ नाही. दोन्ही पायांत दीड-दोन सेंटीमीटरहून जास्त तफावत असेल तर तिची दखल घ्या. उलट एखादा सेंटीमीटर इकडेतिकडे झाला तर तो मोजणीचाच फरक समजा, त्यावरून 'सुधारलो' म्हणायचं नाही. आकड्याला मी इतकं महत्त्व का देते? स्वीडनमधल्या तरुण बास्केटबॉल खेळाडूंवरचा २०११ चा एक अभ्यास आहे. त्यात घोटा ३६.५ अंशांपेक्षा कमी वाकणाऱ्यांना पुढच्या वर्षभरात वाटीखालच्या टेंडनचं दुखणं होण्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं. ते उड्या मारणारे खेळाडू होते, तुम्ही नाही. पण दुखण्याची जागा तीच आहे.

मोजताना आणखी एक गोष्ट टिपा, आणि हीच सगळे विसरतात: शेवटच्या टोकाला अडतं तेव्हा जाणवतं कुठे? मागे पोटरीत खाली ताण जाणवला तर अडथळा स्नायूचा आहे. पुढे, घोट्याच्या घडीत चिमटा बसल्यासारखं किंवा दगड लागल्यासारखं वाटलं तर तो सांध्याचा आहे. जुन्या मुरगळीनंतर हे दुसरं पुष्कळदा सापडतं. दोघांचे उपाय वेगळे आहेत. पुढे चिमटा बसणाऱ्याने पोटरी ताणत राहणं म्हणजे दार बिजागरीत अडकलेलं असताना कडीला तेल घालणं.

पोटरीत ताण असेल तर गुडघा वाकवूनच ताणा. गुडघा सरळ ठेवून भिंतीला ढकलण्याचा जो नेहमीचा प्रकार आहे, त्यात वरवरचा गॅस्ट्रोक्नेमियस आधी ताणला जातो. तो गुडघ्याच्या वरून निघतो, त्यामुळे स्क्वॉटमध्ये गुडघा वाकला की सैल पडतो. तिथे अडवतो तो त्याच्याखालचा सोलियस. पायरीच्या कडेवर पुढचा तळवा ठेवा, गुडघा थोडा वाकवा, तीन-चार सेकंद घेत टाच कडेच्या खाली सोडा, तळाशी दोन सेकंद थांबा, मग वर या. १०-१२ रेप्स (आवर्तनं), असे तीन सेट, एका वेळी एक पाय. नुसत्या स्ट्रेचपेक्षा मला हा प्रकार जास्त आवडतो, कारण नव्या टप्प्यात ताकदही येते. नुसतंच ताणायचं असेल तर एका स्नायूला आठवड्याला निदान पाच मिनिटं तरी मिळायला हवीत, आणि ती एकाच दिवशी उरकण्यापेक्षा पाच दिवसांत वाटलेली बरी.

पुढे चिमटा बसत असेल तर जाड रेझिस्टन्स बँड मागे एखाद्या पक्क्या खांबाला जमिनीलगत अडकवा आणि त्याच्याकडे पाठ करा. बँड घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या खाली, पाऊल जिथे सुरू होतं तिथे बसला पाहिजे. नव्वद टक्के लोक तो नडगीवर चढवतात आणि मग तो उलटाच ओढतो. बँडचा ताण मागे असताना गुडघा पुढे नेऊन परत आणा, १५ वेळा, दोन-तीन सेट. ही कल्पना न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट ब्रायन मलिगन यांनी रूढ केलेल्या पद्धतीतली आहे: सांध्यातल्या हाडाला योग्य दिशेला धरून ठेवायचं आणि हालचाल माणसाने स्वतः करायची. करताना दुखता कामा नये. उपाय बरोबर लागला तर बहुतेकदा तिथल्या तिथे भिंतीच्या चाचणीत फरक दिसतो. सहा-आठ आठवडे नेमाने करूनही आकडा जागचा हलला नाही, तर बहुधा हाडालाच हाड लागतंय. तेव्हा घोट्याशी भांडण सोडा आणि टाचेखाली उंची घ्या.

खुब्याचं प्रकरण वेगळं आहे. तिथे हाडांची ठेवण माणसागणिक बदलते. मांडीच्या हाडाचा गळा प्रौढांमध्ये साधारण १० ते १५ अंश पुढे वळलेला असतो, पण काहींचा याहून खूप जास्त वळलेला असतो तर काहींचा जवळपास सपाट. खुब्याची खोबणही कोणाची उथळ, कोणाची खोल, कोणाची पुढे झुकलेली. 'पाय खांद्याएवढे अंतरावर, बोटं सरळ समोर' असं जिममध्ये सरसकट सांगतात. ते ज्याच्या हाडांना मानवतं त्याला मानवतं.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, तरी शिकले एका चुकीतून. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीला मी तीन महिने खुब्याचे खोल स्ट्रेच करायला लावले. तळाशी तिला जांघेत पुढच्या बाजूला टोचायचं, आणि मी 'अजून सैल झाला नाही' म्हणत राहिले. टोचणं वाढलं. शेवटी पाय चार बोटं रुंद करून बोटं बाहेर वळवायला लावली, तर ती पहिल्याच दिवशी न टोचता बसली. तीन महिने मी हाडावर हाड दाबत होते. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: मागे किंवा आतल्या बाजूला ताण जाणवला तर पुढे जायचं, जांघेत पुढे चिमटा बसला तर थांबायचं आणि जागा बदलायची.

तुमची जागा शोधायला ओणवे व्हा. हात खांद्यांखाली, गुडघे नितंबांखाली, कंबर नेहमीसारखी सपाट. आता नितंब हळूहळू टाचांकडे न्या आणि कंबर कुठे गोल व्हायला लागते ते बाजूच्या चित्रीकरणात पाहा. गुडघ्यांतलं अंतर बदलत, पावलं आतबाहेर करत हे चार-पाच वेळा करा. ज्या रुंदीला कंबर सगळ्यात उशिरा वळते, ती तुमच्या स्क्वॉटची रुंदी. इथे घोट्याचा आणि तोलाचा संबंधच नसतो, म्हणून ही चाचणी फार प्रामाणिक आहे. ओणवं असताना खोल जाता येतं आणि उभ्याने नाही, तर खुब्याला उगाच दोष देऊ नका. बोटं किती वळवायची तेही असंच कळतं. खुर्चीच्या कडेवर बसा, गुडघा जागेवर ठेवून पाऊल बाहेर न्या, मग आत. पाऊल बाहेर जातं तेव्हा मांडी आत वळत असते. तीसेक अंश सहज गेलं तर ठीक. तिकडे फारच कमी आणि दुसरीकडे भरपूर जात असेल, तर तुम्ही बोटं बाहेर वळवूनच स्क्वॉट करणारे, त्यात कमीपणा काही नाही.

खुबा खरोखर आखडलेला असला तर दोनच गोष्टी सांगते. जमिनीवर दोन्ही पाय काटकोनात, एक पुढे एक बाजूला ठेवून बसायचं आणि मागच्या पायाचं पाऊल जागेवरून उचलायचा प्रयत्न करायचा, पाच सेकंद धरून, प्रत्येक बाजूला आठ वेळा. आणि खांबाला धरून खोल उकिडवं बसायचं, तिथे सावकाश श्वास घेत एका मांडीवरून दुसरीवर वजन न्यायचं, मिनिट-दोन मिनिटं.

पाठीच्या वरच्या भागाबद्दल थोडक्यात. बार धरताना खांदे ओढले जात असतील आणि छाती लगेच पडत असेल तर तिथेही काम लागतं, पण तुमच्या वर्णनात तसं काही नाही. फोम रोलरवर पाठ टेकून मागे वाकण्याचे दहा रेप्स पुरेत.

आता तळाशी कंबर गोल होण्याबद्दल. याची भीती गरजेपेक्षा जास्त पसरलेली आहे. खोल स्क्वॉटमध्ये थोडी कंबर जवळपास सगळ्यांचीच वळते, चांगल्या वेटलिफ्टरांचीसुद्धा. किती वळते, कुठे वळायला लागते आणि तेव्हा पाठीवर किती वजन असतं, हे महत्त्वाचं. तुमची कंबर दुसऱ्या दिवशी धरते, म्हणजे सध्या तिला ते झेपत नाही. ज्या खोलीला ती वळायला लागते, तिच्या दोन बोटं वरपर्यंतच वजन घेऊन जा. त्या उंचीचा बाक किंवा खोका मागे ठेवा म्हणजे अंदाजावर राहायला नको. वजनाशिवाय मात्र पूर्ण खोल जायला हरकत नाही. घोटा सुटत गेला की बाकाची उंची कमी करत जा.

गुडघे बोटांच्या पुढे जाऊ देऊ नका, असं तुम्हाला कोणीतरी सांगितलेलं असणारच. खोल स्क्वॉटची भीती बऱ्याच अंशी १९६१ मधली. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांनी खोल बसल्याने गुडघ्याचे लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे, सैल पडतात असं मांडलं होतं. पुढच्या अभ्यासांमध्ये ते टिकलं नाही. २००३ मध्ये फ्राय आणि सहकाऱ्यांनी गुडघ्यांपुढे फळी ठेवून तुलना केली. गुडघे अडवल्यावर गुडघ्यावरचा पीळ (सांधा वाकवणारा जोर) सुमारे १५० वरून ११७ न्यूटन मीटरवर उतरला, पण खुब्यावरचा २८ वरून ३०० च्या वर गेला, आणि धड जास्त वाकलं. म्हणजे ओझं कमी झालं नाही, त्याने जागा बदलली. तुमच्या दुखऱ्या वाटीसाठी काही आठवडे गुडघे थोडे मागे ठेवणं ठीक आहे, पण तो कायमचा नियम नव्हे.

मग उद्यापासून काय? बार ४० किलोवर आणा. राग येईल, येऊ द्या. वॉर्मअपमध्ये घोट्याचा तुम्हाला लागू पडणारा एकच व्यायाम, डाव्याला उजव्याच्या दुप्पट सेट. मग डंबेल छातीशी धरून गॉब्लेट स्क्वॉट, आठ रेप्सचे दोन सेट. तळाशी तीन सेकंद थांबा आणि तिथे डावा गुडघा मुद्दाम करंगळीच्या दिशेने पुढे सरकवा. त्यानंतर बारचे सेट, खाली जायला चार सेकंद. एवढं आठवड्यातून दोनदा-तीनदा. पूर्ण टप्प्यात केलेला ताकदीचा व्यायाम लवचीकता जवळजवळ स्ट्रेचिंगइतकीच वाढवतो, हे आता अनेक अभ्यास एकत्र पाहून दिसलेलं आहे, त्यामुळे स्क्वॉट हाच तुमचा मोबिलिटीचा मुख्य व्यायाम समजा. दोन आठवडे सुरळीत गेले की आठवड्याला अडीच ते पाच किलो वाढवा. भिंतीची चाचणी दर दोन आठवड्यांनी, दिवसाच्या त्याच वेळी, व्यायामाच्या आधी. व्यायाम करून मोजलं की आकडा नेहमीच छान येतो.

दुखण्याचं मोजमाप साधं आहे. १० पैकी ३ पर्यंत दुखलं आणि २४ तासांत पहिल्यासारखं झालं तर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना वाढलेलं दिसलं तर पुढच्या वेळी वजन कमी करा, व्यायाम बंद नको. पण गुडघा सुजला, मध्येच अडकून बसला किंवा अचानक दगा देऊ लागला, कंबरेतून कळ पायात खाली उतरली, पायात मुंग्या किंवा अशक्तपणा आला, रात्री झोपेतून जाग येण्याइतकं दुखलं, तर हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला तर त्याच दिवशी, थेट इस्पितळात.

आणि बूट. घ्या, बिनधास्त. त्यांची टाच साधारण दोन सेंटीमीटर उंच असते आणि तळ दबत नाही, म्हणजे प्लेटवर उभं राहण्याचंच सुबक रूप. लोक त्याला पळवाट म्हणतात ते मला पटत नाही, वेटलिफ्टर तेच घालून स्पर्धेत उतरतात. फक्त भिंतीची चाचणी आणि गॉब्लेट स्क्वॉट अनवाणीच करत राहा, आणि घेण्याआधी महिनाभर प्लेटवर उभं राहून बघा. तेवढ्यात डाव्या घोट्याने दोन-तीन सेंटीमीटर दिले तर कदाचित बूट लागणारही नाहीत.